रिमोट जोडलं जातं, पण समोरचा खरा डेस्कटॉप दिसत नाही: कुठून तपासायचं?

"रिमोट चालत नाही", म्हणजे आपल्या मशीनवरून दूरचं मशीन वापरता येत नाही, या एका वाक्यात निदान सात-आठ वेगवेगळ्या तक्रारी असतात. म्हणून आधी लक्षण नीट ओळखा. छोटी ऑफिसं, सीएंच्या फर्म, छापखाने आणि घरचे लॅपटॉप अशा ठिकाणी मला पुन्हा पुन्हा भेटणारी लक्षणं ही:

- जोडणी होते, पण उघडतो तो दुसराच डेस्कटॉप. तिकडे टॅली उघडी आहे, इथे मात्र कोरा वॉलपेपर.
- तुम्ही आत शिरताच तिकडे बसलेल्या माणसाची स्क्रीन लॉक होते आणि तो फोन करून ओरडतो.
- स्क्रीन पूर्ण काळी. फार तर माउसचा बाण तेवढा हलतो.
- सगळं व्यवस्थित चाललेलं असतं, आणि "परवानगी द्यायची का" विचारणारी चौकट आली की चित्र गोठतं.
- मॅकवर फक्त वॉलपेपर दिसतो, उघडलेल्या खिडक्या गायब.
- डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन ऑफिसच्या मशीनला लावलेलं आहे, त्याचा दिवा पेटलाय, पण रिमोटमधून ते सापडत नाही.
- सकाळी लागतं, जेवणानंतर लागत नाही.
- ऑफिसमध्ये लागतं, घरून लागत नाही.
- थोड्या वेळाने आपोआप तुटतं आणि परवान्याबद्दल सूचना येते.

यातल्या पहिल्या दोन तक्रारींत बहुतेकदा काहीच बिघडलेलं नसतं. सॉफ्टवेअर त्याला नेमून दिलेलं कामच करत असतं, आपण मात्र त्याच्याकडून भलतीच अपेक्षा करतो. रिमोटची सॉफ्टवेअरं दोन जातींची. एका जातीचं सॉफ्टवेअर तुम्हाला त्या मशीनवर लॉगिन करून देतं, म्हणजे सत्र (लॉगिनपासून साइन आउटपर्यंतचा वावर) तुमचं आणि स्क्रीनही तुमचीच. दुसऱ्या जातीचं सॉफ्टवेअर तिकडच्या मॉनिटरवर जे चाललंय तेच तुम्हाला दाखवतं आणि माउस-कीबोर्ड दोघांच्या हातात ठेवतं. विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे आरडीपी, पहिल्या जातीचा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क, क्विक असिस्ट, व्हीएनसी ही दुसऱ्या जातीची. क्रोम रिमोट डेस्कटॉपही विंडोज आणि मॅकवर दुसऱ्यात मोडतं. लिनक्सवर त्याचं आणि व्हीएनसीचं वागणं वेगळं असू शकतं, ते पुढे येईल.

फोनवरची चाचणी, खर्च शून्य

काहीही डाउनलोड करायच्या आधी तिकडच्या माणसाला फोन लावा आणि विचारा: "मी माउस हलवतोय, तुमच्या स्क्रीनवर बाण हलतोय का?"

हो म्हणाला तर तुम्ही खऱ्या डेस्कटॉपवर आहात, दोष दुसरीकडे शोधा. "नाही, माझ्याकडे तर पासवर्ड मागतोय" म्हणाला तर आरडीपी चालू आहे. "नाही, माझं काम नेहमीसारखं चाललंय" म्हणाला तर तुम्ही वेगळ्याच सत्रात आहात. विंडोज सर्व्हर किंवा लिनक्स असेल तर हेच होतं. या एका प्रश्नावर पुढचा अर्धा शोध वाचतो, तरी तो कोणी विचारत नाही. थेट अनइन्स्टॉल करायलाच बसतात.

मशीन जागं आहे का?

"जेवणानंतर लागत नाही" याचं उत्तर जवळजवळ नेहमी स्लीप हेच असतं. झोपलेल्या मशीनवर कोणतंही रिमोट सॉफ्टवेअर चालत नाही, कितीही महागडं असलं तरी. सेटिंग्ज, सिस्टिम, पॉवर इथे जाऊन मशीन चार्जरवर असताना स्लीप "कधीच नाही" करा. स्क्रीन बंद होण्याची वेळ मात्र तशीच राहू द्या, स्क्रीन बंद झाल्याने रिमोट तुटत नाही. लोक या दोन ओळींत गल्लत करतात, वरची बदलतात आणि खालची विसरतात.

लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काय करायचं ही सेटिंग वेगळी असते. कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ती मिळते. तिथे चार्जरवर असताना "काहीच करू नका" निवडा. मात्र असा मिटलेला, चालू लॅपटॉप बॅगेत किंवा गादीवर ठेवू नका, तापतो.

आपल्याकडे आणखी एक कारण असतं: लाइट जाणं. लाइट आली की राउटर आपोआप चालू होतो, डेस्कटॉप होत नाही. बहुतेक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानात) "वीज परत आल्यावर काय करायचं" अशी एक सेटिंग असते. ती "चालू हो" वर ठेवली की रविवारी कोणाला ऑफिसचं शटर उघडायला पाठवावं लागत नाही.

आरडीपी वापरताय का? मग हे वाचा

विंडोजच्या होम आवृत्तीवर बाहेरून आरडीपीने शिरता येत नाही. त्यासाठी प्रो, एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन लागते. होमवरून दुसऱ्या मशीनवर जाता येतं, उलट नाही. दुकानातून घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपवर होमच असते. त्यामुळे "रिमोट डेस्कटॉपचं बटणच सापडत नाही" ही तक्रार असेल तर शोध तिथेच संपला.

प्रो असेल तर नियम असा: विंडोज १० किंवा ११ वर एका वेळी एकच माणूस. त्याच यूझरच्या नावाने शिरलात तर त्याच्या उघड्या खिडक्या तुम्हाला मिळतात, पण त्याच्या मॉनिटरवर लॉक स्क्रीन येते. वेगळ्या यूझरने शिरलात तर आधी त्याला विचारलं जातं, त्याने होकार दिला की त्याचं सत्र मागे जातं आणि तुमचं सुरू होतं. त्याचे प्रोग्रॅम चालूच राहतात, फक्त तुम्हाला ते दिसत नाहीत. विंडोज सर्व्हरवर व्यवस्थापनासाठी दोन सत्रं वेगळा परवाना न घेता चालतात, म्हणून तिथे "माझी टॅली कुठे गेली" हा प्रश्न सर्वाधिक येतो. टास्क मॅनेजरमधला यूझर्स टॅब उघडा. एकाच मशीनवर दोन नावं दिसली की कोडं सुटलं.

याचा एक उपप्रकार फार छळतो. सकाळी कोणीतरी आरडीपीने शिरून खिडकी नुसती बंद केली, साइन आउट केलं नाही. दुपारी दुसऱ्याने एनीडेस्क लावलं, तर त्याला बहुतेकदा फक्त लॉगिन स्क्रीन दिसते, कारण खऱ्या मॉनिटरवर आता तेवढंच आहे. पासवर्ड टाकला की काम तिथेच पुढे चालू होतं. पण पासवर्ड माहीत नसलेला माणूस "एनीडेस्क बिघडलं" म्हणतो. एका मशीनवर दोन जाती एकत्र नांदवायच्या असतील तर हे गृहीतच धरा. माझं मत विचाराल तर ऑफिसात एकच जात ठरवा आणि भिंतीवर लिहून ठेवा.

तुम्हाला शिकवायचं, दाखवायचं किंवा समोरच्याची अडचण त्याच्याच स्क्रीनवर बघायची असेल, तर आरडीपी सोडा. तुम्ही एकटेच घरून ऑफिसच्या मशीनवर काम करणार असाल, तिकडे कोणी बसलेलं नसेल, तर मात्र आरडीपीसारखं सुटसुटीत दुसरं काही नाही.

डीएससीचं टोकन

हा प्रश्न मार्च आणि सप्टेंबरात हमखास येतो, आणि यावर लोक अख्खा दिवस घालवतात. जीएसटीचं रिटर्न, कंपनी कामकाज मंत्रालयाचा फॉर्म किंवा ई-निविदा भरायची असते. टोकन ऑफिसच्या सीपीयूला लावलेलं असतं. घरून आरडीपीने शिरलात की सही करणारा प्रोग्रॅम म्हणतो, टोकन नाही. ड्रायव्हर पुन्हा टाकला जातो, ब्राउझर बदलला जातो, यूएसबीचं भोकसुद्धा बदललं जातं. काही होत नाही.

कारण असं, की हे टोकन विंडोजच्या लेखी स्मार्ट कार्ड असतं. आरडीपीच्या सत्रात विंडोज स्मार्ट कार्ड शोधतं ते तुम्ही बसलात त्या मशीनवर. ऑफिसच्या सीपीयूला लावलेलं कार्ड त्या सत्राला दिसतच नाही. ही रचनाच तशी आहे, ड्रायव्हरचा दोष नाही.

म्हणून उपाय दोन, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट:

आरडीपीच वापरायचं असेल तर टोकन तुमच्याजवळ, तुमच्या लॅपटॉपला लावा. आरडीपी जोडण्याआधी "लोकल रिसोर्सेस" मध्ये "मोअर" वर जाऊन स्मार्ट कार्डवर खूण असल्याची खात्री करा. टोकनचा ड्रायव्हर मात्र ऑफिसच्या मशीनवर हवाच, कारण सही करणारा प्रोग्रॅम तिकडे चालतो.

टोकन ऑफिसमध्येच राहणार असेल तर एनीडेस्क, रस्टडेस्क किंवा व्हीएनसीसारखं खरा डेस्कटॉप दाखवणारं सॉफ्टवेअर घ्या. तिथे टोकन घरच्या लॅपटॉपला लावून उपयोग नाही, ते सीपीयूलाच लावलेलं हवं.

आणि जाता जाता: ज्याच्या नावाची सही, त्यानेच पिन टाकावा. साहेबांचं टोकन वर्षभर सीपीयूच्या मागे लटकलेलं आणि पिन कीबोर्डखाली चिकटवलेला, हे दृश्य नवीन नाही. त्या मशीनवर रिमोट सुरू ठेवणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून ठेवणं.

परवानगीची चौकट आणि काळी स्क्रीन

प्रोग्रॅम इन्स्टॉल करताना विंडोज स्क्रीन मंद करून "बदल करू द्यायचे का" असं विचारतं. ही चौकट मुद्दाम वेगळ्या, सुरक्षित पडद्यावर काढली जाते, म्हणजे साध्या प्रोग्रॅमला तिच्यावर परस्पर क्लिक करता येऊ नये. तुमचं रिमोट सॉफ्टवेअर नुसती फाइल डबल-क्लिक करून चालवलं असेल, तर तेही त्या साध्या प्रोग्रॅमांतच मोडतं. त्याला तो पडदा दिसत नाही, म्हणून तुमच्याकडे चित्र गोठतं किंवा काळं होतं. क्विक असिस्टमध्येही हेच होतं.

तिकडे माणूस असेल तर त्याला "यस" दाबायला सांगा, विषय संपला. नेहमीचं काम असेल तर सॉफ्टवेअर रीतसर इन्स्टॉल करा. मग ते सर्व्हिस म्हणून, म्हणजे विंडोजसोबत पडद्यामागे, चालतं, ही चौकट दाखवतं, आणि रिस्टार्टनंतर लॉगिन स्क्रीनपासून पुन्हा जोडता येतं. यूट्यूबवर सांगतात तसं ती चौकट कायमची बंद करू नका. एक अडचण सोडवायला दार उघडं टाकण्याचा तो प्रकार आहे.

पूर्ण काळ्या स्क्रीनचं दुसरं कारण म्हणजे मॉनिटरच नसणं. कोपऱ्यात ठेवलेल्या, मॉनिटर काढून घेतलेल्या सीपीयूला चित्र कुठे पाठवायचं हे कळत नाही. मग काळं दिसतं किंवा अगदी बारीक रिझोल्यूशनमध्ये अडकतं. एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो, काही शे रुपयांत. तो लावला की ग्राफिक्स कार्डला मॉनिटर असल्यासारखं वाटतं. प्लग आणायच्या आधी खरा मॉनिटर तात्पुरता जोडून बघा, कारण दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा असेल तर प्लगने काही होणार नाही.

फक्त ब्राउझरमधला चित्रपट तेवढा काळा दिसत असेल तर शोधत बसू नका. ते कॉपी-संरक्षण आहे.

मॅक आणि लिनक्स, थोडक्यात

मॅकओएस कॅटालिनापासून, म्हणजे २०१९ पासून, स्क्रीन बघणाऱ्या प्रत्येक अॅपला स्वतंत्र परवानगी लागते. ती दिली नाही तर फक्त वॉलपेपर आणि मेनूची पट्टी दिसते. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये स्क्रीन रेकॉर्डिंगला परवानगी द्या, आणि माउस चालायला हवा असेल तर अॅक्सेसिबिलिटीलाही. मग अॅप बंद करून पुन्हा उघडा. यासाठी मॅकसमोर कोणीतरी बसलेलं लागतं, दुरून होत नाही.

लिनक्सवर "व्हीएनसी सर्व्हर" नावाने जे सहज इन्स्टॉल होतं ते बऱ्याचदा नवा, काल्पनिक डेस्कटॉप तयार करतं. पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक) ५९०१ वर जोडत असाल तर तेच होतंय असं समजा. खरा मॉनिटर दाखवणारा एक्स११व्हीएनसी वेगळा असतो आणि तो सहसा ५९०० वर बसतो. एक्सआरडीपी (लिनक्सवरचं आरडीपी) आणि क्रोम रिमोट डेस्कटॉपही लिनक्सवर सहसा वेगळं सत्र काढतात. वेलँडवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या चित्र-प्रणालीवर, एक्स११व्हीएनसी चालत नाही. तिथे उबुंटू २२.०४ पासून नोमच्या (उबुंटूच्या डेस्कटॉपच्या) सेटिंग्जमध्येच स्क्रीन शेअरिंग आहे, ते आधी वापरून बघा. नाव आरडीपीचं असलं तरी ते चालू असलेला डेस्कटॉपच दाखवतं.

घरून लागत नाही

ऑफिसच्या वायफायवर आरडीपी किंवा व्हीएनसी लागतं आणि घरून लागत नाही, तर दोष सॉफ्टवेअरमध्ये नाही, रस्त्यात आहे. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधल्या आकड्याने सुरू होत असेल तर इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मोबाइल इंटरनेटवर आणि बऱ्याच फायबर जोडण्यांवर हे सर्रास असतं. अशा वेळी पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आतल्या मशीनकडे वळवणं) कितीही केलं तरी बाहेरून वाट मिळणार नाही.

आणि मिळत असली तरी ३३८९ हा आरडीपीचा पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. त्यावर दिवसरात्र पासवर्ड आजमावणारे प्रोग्रॅम फिरत असतात. मे २०१९ मध्ये आरडीपीत ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली, तिच्यातून पासवर्डशिवायच जुन्या विंडोजमध्ये शिरता येत होतं. पोर्ट बदलून ३३९० केला म्हणून मशीन सुरक्षित होत नाही, चोराचं काम फक्त थोडं लांबतं.

सरळ मार्ग दोन. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप ही मधल्या सर्व्हरची मदत घेतात, त्यांना उघडा पोर्ट लागत नाही. किंवा टेलस्केल, वायरगार्डसारखा व्हीपीएन (आपल्यापुरतं खासगी जाळं) लावा आणि त्याच्या आत आरडीपी अथवा व्हीएनसी चालवा.

मग कोणतं घ्यायचं?

आई-बाबा नागपुरात आणि मुलगी परदेशात असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉप. फुकट आहे, गुगल खातं आणि पिन एवढंच लागतं, आणि इकडे रात्र असताना कोणाला उठवावं लागत नाही. एकदाच कोणाला मदत करायची असेल तर क्विक असिस्ट: कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकत्र दाबा. मदत करणाऱ्याला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, घेणाऱ्याला फक्त कोड टाकून परवानगी द्यायची असते.

ऑफिससाठी मात्र फुकटावर डोळा ठेवू नका. टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क यांचा मोफत वापर वैयक्तिक कामापुरताच आहे. व्यावसायिक वापराचा संशय आला की सत्रं तोडली जातात. यादीतली शेवटची तक्रार तीच, आणि तिच्यावर युक्त्या शोधण्यापेक्षा परवाना घ्या. परवाना नको असेल तर रस्टडेस्क मुक्त स्रोताचं आहे, स्वतःचा सर्व्हर बसवला की बाहेरच्यावर अवलंबून राहावं लागत नाही. पण तो सर्व्हर सांभाळणारा माणूस हवा.

मराठी टंकलेखनाचं एक: रिमोटमध्ये अक्षरं चुकीची किंवा दुप्पट उमटत असतील तर आपल्या बाजूचा कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा आणि मराठी फक्त तिकडे चालू करा. दोन्हीकडे मराठी असली की अक्षरांचं रूपांतर दोनदा होण्याचा संभव असतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

बायोसची स्क्रीन किंवा बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) निळी स्क्रीन येऊन अडकली असेल तर कोणतंही सॉफ्टवेअर तिथपर्यंत पोचत नाही, कारण विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं. त्याला आयपी-केव्हीएमसारखं, मॉनिटर-कीबोर्डच्या जागी लागून नेटवरून चालणारं, हार्डवेअर लागतं किंवा समोर उभा असलेला माणूस. बिटलॉकरची रिकव्हरी की हाताशी नसेल तर रीसेटच्या भानगडीत पडू नका, डेटा जाईल.

मशीन कंपनीच्या डोमेनमध्ये असेल आणि सेटिंग करड्या रंगात बंद दिसत असेल, तर ती आयटी विभागाने बंद केली आहे. रजिस्ट्रीत हात घालू नका. सर्व्हरवर दोनपेक्षा जास्त माणसांना आरडीपी हवं असेल तर तो परवान्याचा विषय आहे. इंटरनेटवर मिळणारी सिस्टिम फाइल बदलणारी जुगाडं पुढच्या अपडेटला मोडतात. टोकनचा पिन वारंवार चुकून ते लॉक झालं असेल तर आणखी प्रयत्न नकोत, ज्यांनी ते दिलं त्यांनाच गाठा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही न टाकलेलं रिमोट सॉफ्टवेअर मशीनवर सापडलं, बाण आपोआप हलला, किंवा फाइल्सची नावं बदलून पैसे मागणारी चिठ्ठी दिसली, तर नेटची वायर काढा, मशीन तसंच ठेवा आणि व्यावसायिकाला बोलवा. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याने एनीडेस्क टाकायला लावलं असेल तर तेही इथेच मोडतं. रिझर्व्ह बँकेने या प्रकाराबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला खातं गोठवायला सांगा. फॉरमॅट मारण्याची घाई करू नका, पोलिसांना लागणारा पुरावा त्याच डिस्कवर असतो.